बाळांच्या खोलीला हरकत

मी कोल्हापुरात मिशनच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले, तेव्हा माझा थोरला मुलगा अजून पालथं पडायला शिकत होता. यजमान गारगोटीच्या शाळेवर होते. शनिवारी मिळेल त्या गाडीनं यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे. सासूबाई नव्हत्या, माहेर लांब. त्यामुळं मुलाला सांभाळायला घरात भिंतींशिवाय कोणी नव्हतं. मी त्याला दुपट्यात गुंडाळून शाळेत घेऊन जायची आणि नकाशा टांगायच्या खुंटीला त्याची झोळी बांधायची. भूगोलाच्या तासाला मात्र पंचाईत व्हायची. नकाशा लावायचा तर मुलगा उतरवावा लागे, म्हणून माझ्या वर्गातल्या मुलींचा भूगोल कायम कच्चा राहिला.

पण ही तऱ्हा एकट्या माझीच नव्हती. शाळेत येणाऱ्या निम्म्या मुली कडेवर भावंडं घेऊन यायच्या. आया दिवसभर रानात नाहीतर बाजारात. घरात मोठी मुलगी हीच दुसरी आई. घरच्यांचं म्हणणं सरळ होतं, ‘शाळंत जायचं तर जा, पर धाकट्याला संगं घिऊन जा.’ शाळा म्हणजे चर्चच्या मागच्या आवारातल्या दोन खोल्या आणि एक लांब पडवी. पडवीच्या वाशांना जुन्या लुगड्यांच्या झोळ्या ओळीनं लटकत. मुली एका हातानं झोळीची दोरी ओढत आणि तोंडानं पाढे म्हणत. बे एके बे म्हणताना झोळी पुढं जाई, बे दुणे चारला मागं येई. एकदा एका मुलीची आई डोक्यावरची पाटी न उतरवताच माझ्याकडं तक्रार घेऊन आली.

“बाई, तुमी ह्या पोराला कसली सवय लावलीसा? घरात पाढं म्हटल्याबिगर झोपत न्हाई. मला बेच्या फुडं येत न्हाई, आन ते बेवर डोळा मिटत न्हाई!”

मी तिला तीनचा पाढा शिकवून पाठवलं.

असं चाललं होतं. मग एक दिवस दरबारच्या शिक्षण खात्याचे तपासनीस शाळा बघायला आले. फार शिस्तीचे गृहस्थ. पडवीत उभे राहून त्यांनी चौथीच्या मुलीला वाचायला सांगितलं, आणि ती वाचत असताना नेमकी त्यांच्या डोक्यावरच्या झोळीतून धार लागली. पगडीवर एक थेंब पडला तेव्हा त्यांनी वर पाहिलं, आणि तिथंच चूक केली. रुमालानं तोंड पुसत ते एवढंच म्हणाले, “शाळेत शाळा असावी.” आणि निघून गेले.

आमच्या मोठ्या मडमबाईंनी हे वाक्य मनावर घेतलं. या मडमबाई विलायतेपल्याडच्या, उंच, हाडापेरानं दणकट. मराठी त्या पुण्याच्या एका शास्त्रीबोवांकडून शिकल्या होत्या. त्यामुळं त्यांचं मराठी आमच्यापेक्षा शुद्ध होतं आणि कोल्हापुरात कुणालाच कळत नव्हतं. त्या भाजीवालीला विचारत, “हे वृंताक आजच खुडले आहे काय?” भाजीवाली माझ्याकडं बघे आणि मी म्हणे, “वांगी ताजी हायत का, इचारत्यात.” मराठीचं मराठीत भाषांतर करायचं हे माझं शाळेतलं दुसरं काम होतं, आणि शिकवण्यापेक्षा ते अवघड होतं.

त्या दिवशी संध्याकाळी मडमबाई मला म्हणाल्या, “अर्भके दूर केली तर मुली येणार नाहीत. मुली आल्या तर अर्भके येणारच. म्हणून अर्भकांस स्वतंत्र खोली हवी. आपण दोन वर्ग आणि एक बालगृह बांधू. एक आया ठेवू. आणि तुमचा पुत्र तेथे सुखाने राहील.”

मला तर आनंदानं रडूच आलं. मुलगा आता चांगला जड झाला होता. नकाशाची खुंटी भिंतीतून हलायला लागली होती. ही खोली झाली नाही तर नोकरी सोडून गारगोटीला जावं लागणार, हे मला दिसत होतं. आणि नोकरी मला फार आवडत होती.

पण शहरात इमारत वाढवायची म्हणजे म्युनिसिपालिटीची परवानगी लागे. नकाशा दिला, अर्ज दिला. मग दवंडी पिटली गेली. दवंडीवाला आमच्या बोळाच्या तोंडाशी उभा राहून ओरडला, “ऐका होऽ, चर्चच्या साळंत पोरं ठेवायची खोली बांधायची हाय होऽ. कुणाची हरकत आसंल त्यानं म्युन्शिपाल्टीत येऊन सांगावं होऽ!”

‘पोरं ठेवायची खोली’ या शब्दांनी घात केला. म्युनिसिपालिटीची दुसरी एक अशीच खोली लोकांना ठाऊक होती. तिच्यात मोकाट सुटलेली गुरं ठेवत, आणि मालकानं दंड भरला की सोडत. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गावभर झालं, की मडमबाई पोरांचा कोंडवाडा काढतायत. रस्त्यात हिंडणारं पोर दिसलं की धरून आत घालणार. बोळातली सगळी पोरं एकदम घरात बसली. आयांना इतका निवांतपणा कधी मिळाला नव्हता. त्या दोन दिवस मडमबाईंना दुवा देत होत्या. तिसऱ्या दिवशी पोरांनी घरं डोक्यावर घेतली, तेव्हा कोंडवाडा खरंच कधी सुरू होणार याची चौकशी करायला दोघी तिघी माझ्याकडं येऊन गेल्या.

खरी हरकत आली ती शेजारून. शाळेच्या आवाराला लागून एका पेन्शनर फौजदारांचं घर होतं. संस्थानच्या पोलिसात त्यांनी उभी हयात काढली होती. मिशा अशा, की बोळात ते वळायच्या आधी मिशा वळत. त्यांच्या सोप्याची, म्हणजे पुढच्या बैठकीची, भिंत आणि आमच्या पडवीची भिंत यांच्यामध्ये एक माणूस आडवा चालेल एवढीच जागा. दुपारी जेवून ते सोप्यातल्या पलंगावर पडत, आणि त्याच वेळी पलीकडं आमच्या झोळ्या जाग्या होत. आजवर त्यांनी सोसलं होतं. पण आता पोरांसाठी पक्की खोली, तीही त्यांच्याच भिंतीला लागून, म्हटल्यावर ते म्युनिसिपालिटीत जाऊन उभे राहिले.

“दरोडेखोर धरलं मी, वाघ बघितला समोरासमोर,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “पर ह्या पोरांच्या फुडं माझं काय चालत न्हाई. माणसानं पेन्शन घ्यायची ती झोपायला न्हवं का?”

म्युनिसिपालिटीनं पाहणीला तीन मेंबरांची कमिटी नेमली. एक वकील, हे कमिटीचे अध्यक्ष. कोट, उपरणं आणि तोंडात सदैव ‘बशर्ते’, म्हणजे ‘अट एवढीच’. दुसरे शाहूपुरीच्या नव्या पेठेतले गुळाचे अडते, अंगानं गुळाच्या ढेपेसारखे गोल आणि स्वभावानंही तितकेच गोड. तिसरे म्हातारे मुसलमान मेंबर. त्यांचा टांगे बांधायचा कारखाना होता. चाकांवर लोखंडी धावांच्या पट्ट्या ठोकण्यात जन्म गेल्यामुळं त्यांना दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं. आवाजाची तक्रार तपासायला त्यांना का नेमलं, हे कुणी विचारलं नाही. त्यांना सगळे चाचा म्हणत, आणि त्यांचा मान एवढा मोठा होता की कुठल्याही कमिटीत ते असायचेच.

कमिटी आली त्या दिवशी आम्ही पडवी सारवून घेतली होती. मुलींनी स्वागताचं गाणं म्हटलं. म्युनिसिपालिटीच्या ओव्हरसियरनं साखळी पसरून जागा मोजली. दोन रांगती पोरं साखळीच्या टोकाला लोंबकळल्यामुळं जागा दोनदा मोजावी लागली. वकीलसाहेबांनी नकाशा उलटा धरून बराच वेळ मान डोलावली. अडत्यांनी एका पोराच्या तोंडात खिशातला गुळाचा खडा घातला. मग ते सगळे ओळीनं उभे राहिले, आणि बरोबर आलेल्या फौजदारांनी हात वर केला.

“आता ऐका.”

सगळ्यांनी ऐकलं. काहीच ऐकू आलं नाही. एकूण एक पोरं झोळीतून माना काढून वकीलसाहेबांच्या पगडीकडं टकामका बघत होती. माझा मुलगा तर रोज त्या वेळी घसा फोडून रडायचा. आज त्यानं अंगठा तोंडात घातला होता आणि साधूसारखा शांत होता.

फौजदार लाल झाले. “आवो, ह्यास्नी अफू घातलीया!”

मडमबाईंनी मला विचारलं, हे काय म्हणतात. मी सांगितलं. त्या ताठ झाल्या. “महाशय, आमच्या आवारात अहिफेनाचा कणही नाही!”

“ही काय म्हणतीया?” फौजदारांनी मला विचारलं.

“अफू न्हाई म्हणत्यात, मामा.”

“मग एवढी मोठी भाषा कशाला?”

वकीलसाहेबांनी हात वर केला. आगाऊ कळवून केलेली पाहणी ही पाहणीच नव्हे, असं त्यांचं मत पडलं. कमिटीनं न कळवता यावं, आणि शाळेत न येता फौजदारांच्याच सोप्यात, त्यांच्या झोपेच्याच वेळी बसून आवाज ऐकावा, बशर्ते फौजदारांची हरकत नसेल.

“माझी कशाला हरकत?” फौजदार म्हणाले. “पर एक हाय. माझ्या दारात येऊन कोण उपाशी जात न्हाई. बुधवारी या. आधी जेवायचं, मग ऐकायचं.”

न कळवता यायचं ठरलेली कमिटी अशी सगळ्यांसमोर दिवस ठरवून निघून गेली. जाताना चाचांनी मला विचारलं, “काय ठरलं, बेटी?” मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. ते खूश झाले. “बुधवारी मटण? येतो की!”

मंगळवारी रात्रभर माझ्या डोक्यात विचारांचा धुडगूस होता. सकाळी मी मडमबाईंना म्हटलं, “बाई, आज दुपारी पोरांना आपण नदीकडं फिरायला नेऊ या का? घटकाभराचा तर प्रश्न.” मडमबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, की मला वाटलं आता मला प्रार्थनेला बसवतात.

“कपट करून मिळालेली खोली आम्हांस नको,” त्या म्हणाल्या. “अर्भके रोज रडतात तशीच आज रडतील. ते सत्य आहे. कमिटीने सत्य ऐकावे.”

सत्य त्या दिवशी जरा जास्तच निघालं. एका मुलीच्या भावाला दात येत होते. त्यानं सुरुवात केली. शेजारच्या झोळीतल्यानं साथ दिली. मग पडवीभर वणवा पेटावा तसं झालं. एक गप्प करावं तर दुसरं सुरू. माझा मुलगा त्या सगळ्यांत वरच्या पट्टीत होता. मी पाढे म्हटले, गाणी म्हटली, खुळखुळा वाजवला. मुली दोऱ्या ओढून दमल्या. आणि भिंतीपलीकडून मटणाच्या रश्श्याचा, भाजलेल्या खोबऱ्याचा असा वास येत होता, की रडणाऱ्या पोरांना तो लागून ती आणखीच चेकाळत होती. पलीकडं ताटांचा आवाज झाला, “आनी वाढा की, पावणं लाजायला लागल्यात,” असा फौजदारांचा आग्रह ऐकू आला, ढेकर ऐकू आले. मग सगळं शांत झालं. मला वाटलं, आता ते ऐकतायत. गारगोटीला जायची ट्रंक कुठं ठेवलीय, हेही मी मनात आठवून बघितलं.

बराच वेळ झाला. पलीकडून कोणी येईना, की बोलल्याचा आवाज येईना. मडमबाई येरझाऱ्या घालत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, “निर्णय काहीही असो, तो आपण समोर जाऊन ऐकू. चला.” पोरांना मोठ्या मुलींच्या हवाली करून मी त्यांच्या मागं निघाले.

फौजदारांच्या सोप्याचं दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि आम्ही दोघी जागच्या जागी थांबलो.

अध्यक्ष वकीलसाहेब तक्क्याला टेकून, पगडी मांडीवर घेऊन, तोंड उघडं टाकून झोपले होते. गुळाचे अडते सतरंजीवर आडवे होते आणि त्यांचं पोट घिसाड्याच्या भात्यासारखं खालीवर होत होतं. म्युनिसिपालिटीचा कारकून खांबाला टेकून, बोरू कानावर तसाच ठेवून घोरत होता. आणि पलंगावर खुद्द फौजदार उताणे. त्यांच्या घोरण्यानं मिशांची टोकं उडत होती. भिंतीपलीकडं पंधरावीस पोरं टाहो फोडत होती. तो आवाज सोप्यात असा घुमत होता की कोनाड्यातल्या वाट्या किणकिणत होत्या. कुणाची पापणीही हलत नव्हती.

जागे होते ते एकटे चाचा. ते दाराशी बसून सुपारी कातरत होते. आम्हाला बघून त्यांनी बसायची खूण केली, आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठ्यानं म्हणाले, “बघा बाई, कसा पेच पडलाय! मी जागा हाय, पर मला ऐकू येत न्हाई. ह्यास्नी ऐकू येतंय, पर ते झोपल्यात. आता साक्ष कुणाची घ्यायची?”

माजघराच्या दारात फौजदारीणबाई उभ्या होत्या. पदराचा बोळा तोंडात कोंबून त्या अशा हसत होत्या, की त्यांच्या बांगड्या वाजत होत्या. माझंही हसू आवरेना. मी मडमबाईंकडं पाहिलं. त्यांचा चेहरा गंभीर होता, पण कान लाल झाले होते.

“मी ह्यास्नी उठवू का?” फौजदारीणबाईंनी विचारलं.

मी भाषांतर करायच्या आधीच मडमबाईंनी मान हलवली. “नको. निद्रा ही परमेश्वराची देणगी होय. आपण बसू.”

आम्ही बसलो. फौजदारीणबाईंनी आम्हाला ताक आणून दिलं. चाचांनी सुपारी दिली. मडमबाईंनी ती आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली आणि कुठं थुंकावं ते न कळून गिळून टाकली. पलीकडं पोरं रडत होती, अलीकडं कमिटी घोरत होती. आणि मग, कशी कोण जाणे, पोरं दमली. एकेक आवाज कमी होत गेला. शेवटचा, माझ्या मुलाचा, एक हुंदका आला आणि सगळं सामसूम झालं.

त्या शांततेनं फौजदार धाडकन उठून बसले.

“काय झालं?” ते ओरडले. “आवाज का बंद झाला? पोरं कुठं गेली?”

त्यांच्या ओरडण्यानं वकीलसाहेब जागे झाले, अडते जागे झाले, कारकुनाचा बोरू कानावरून खाली पडला. सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं, मग आमच्याकडं. फौजदारांना आपण काय बोललो ते हळूहळू उमगत गेलं. मिशांवरून हात फिरवत ते भिंतीकडं बघत राहिले. फौजदारीणबाई आत पळाल्या; आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

वकीलसाहेबांनी घसा खाकरला. “कमिटी डोळे मिटून एकाग्रतेनं ऐकत होती,” ते म्हणाले.

“काय म्हणतायत?” चाचांनी मला विचारलं.

“डोळे मिटून ऐकत होते म्हणतायत, चाचा!”

“व्हय व्हय,” चाचा म्हणाले. “लई जोरात ऐकत होते. मी बघितलं की.”

प्रकरण म्युनिसिपालिटीच्या सभेत गेलं तेव्हा मडमबाईंबरोबर मीही गेले, भाषांतराला. बायकांनी सभेत येऊन बसायची ती पहिलीच वेळ असावी, कारण आम्हाला कुठं बसवायचं यावरच बराच खल झाला. शेवटी दाराजवळ दोन खुर्च्या मांडल्या. वकीलसाहेबांनी अहवाल वाचला. कमिटीनं ऐन दुपारी, हरकतदाराच्या घरी, हरकतदाराच्या झोपेच्या वेळी प्रत्यक्ष पाहणी केली. शाळेतील मुलांचा आवाज चालू असताना हरकतदारास व कमिटीस गाढ विश्रांती मिळाल्याचं आढळलं. सबब हरकतीत तथ्य दिसत नाही. असा मजकूर होता. सभेत जी गोष्ट सगळ्यांना आधीच कळलेली होती ती इतक्या जड शब्दांत ऐकताना मेंबर उपरण्याआड खोकत होते.

एक मेंबर तरीही उभे राहिले. त्यांना कोंडवाड्याची शंका होती. “पोर सोडवून न्यायला किती पैसे पडणार?”

मी मडमबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “पैसे नाहीत. परंतु मातेने सायंकाळी आलेच पाहिजे. न आल्यास आम्ही अर्भक घेऊन तिच्या घरी जाऊ.”

“म्हंजे घरपोच?” ते मेंबर खाली बसले. “मग माझी बी दोन पाठवतो.”

दुसरे म्हणाले, की परवानगी द्यावी, पण दुपारी बारा ते तीन मुलांनी रडू नये अशी अट घालावी. अट मंजूर व्हायच्या बेतात होती. तेव्हा मडमबाईंनी उभं राहून अतिशय नम्रपणे विचारलं, की या अटीची नोटीस अर्भकांवर कोण बजावणार, आणि ती मोडल्यास शिक्षा काय? मी भाषांतर केलं. आपल्यालाच नोटीस बजावायला जावं लागेल म्हणून शिपाई घाबरून मागं सरकला. अट बारगळली.

मग सभेच्या अध्यक्षांनी फौजदारांना विचारलं, “आपण हरकत मागं घेता का?”

फौजदार उभे राहिले. पोलिसातला जुना कोट घालून आले होते, बटणं घासून लखलखीत केलेली. हा माणूस आता उलटला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

“मागं न्हाई घेणार,” ते म्हणाले. “जल्मात एकदा टाकलेलं पाऊल मी मागं घेतलं न्हाई, आनी आता बी घेणार न्हाई. तुमी ती फेटाळा.”

“फेटाळा म्हणता?”

“मी कुठं न्हाई म्हणतोय? माझं काम हरकत घ्यायचं, तुमचं काम फेटाळायचं. ज्यानं त्यानं आपलं काम करावं. फकस्त भिंत जरा उंच करा, माझ्या सोप्यात पोरं उड्या मारून यायला नकोत.”

हरकत एकमतानं फेटाळली गेली. बाहेर आल्यावर फौजदार आमच्यापाशी थांबले. “मास्तरीणबाई, तुमच्या मडमला सांगा, आमचं भांडान मुन्शिपाल्टीत होतं. घरी या. तुमास्नी नुसतं ताक दिलं, जेवायला घातलं न्हाई म्हणून आमची म्हातारी चार दिस माझ्याशी बोलत न्हाई.”

मी सांगितलं. मडमबाई म्हणाल्या, “आम्ही सहर्ष येऊ.”

“येतो म्हणत्यात,” मी म्हटलं.

“ते कळलं मला,” फौजदार म्हणाले. “हर्ष म्हंजे काय एवढं अवघड न्हाई.”

उन्हाळ्याच्या सुट्टीत बांधकाम निघालं. मडमबाई महाबळेश्वरला गेल्या होत्या, देखरेखीला मी. पण मला देखरेख करायची वेळच आली नाही. गवंड्यानं चुन्यात वाळू जास्त घातली की भिंतीपलीकडून फौजदार गरजत, “ए, काय चाललंय? पोरांच्या डोक्यावर पाडतोस काय?” गवंडी मला म्हणाला, “बाई, ह्यांनी हरकत घेतलीती ती बरी म्हणायची.” दाराची चौकट चाचांच्या कारखान्यातून आली. पाऊस सुरू व्हायच्या आत दोन वर्ग आणि बाळांची खोली उभी राहिली. कौलारू, पूर्वेला मोठ्या खिडक्या, आणि वाशांना झोळ्यांसाठी लोखंडी कड्या. माझा मुलगा तेव्हा चालायला लागला होता. तो पहिल्याच दिवशी आत गेला आणि माझ्याकडं वळूनही न बघता एका लाकडी घोड्यावर जाऊन बसला. मला जरा वाईटच वाटलं. वर्गात जाऊन मी नकाशा टांगला आणि पोटभर भूगोल शिकवला.

त्यानंतर थोड्याच काळानं महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. गावोगावच्या शाळांत मुलं यायला लागली तसा आमच्याकडंही मुलींचा रेटा वाढला, आणि खोली अपुरी पडायला लागली. पण मला आठवते ती त्याच्या आधीची, पहिल्या पावसाळ्यातली एक बाई. शहराबाहेरच्या मळ्यातून ती मुलीला आणि कडेवरच्या पोराला घेऊन आली. मुलगी वर्गात गेली, पोरगं आयाजवळ गेलं, पण बाई जाईना. लोकांनी तिच्या कानात कोंडवाड्याचं भूत घातलंच होतं. “मी हितंच बसतो,” ती म्हणाली, आमच्याकडच्या बायका बोलतात तशी. खोलीच्या दाराबाहेर, माझ्या वर्गाच्या खिडकीखाली घोंगडं अंथरून ती दिवसभर बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी गवताचा भारा घेऊनच आली, म्हणजे तिथंच बसून निवडता येईल. पुढं पुढं तिला पोराची काळजी राहिली नव्हती, हे मला दिसत होतं. तरी ती यायची.

एक दिवस मुलींना मी बाराखडी म्हणायला सांगितली आणि त्या एका अक्षरावर अडल्या. खिडकीखालून उत्तर आलं. मी वाकून पाहिलं. ती मान खाली घालून गवत निवडत होती.

“तू म्हटलंस का गं?”

“न्हाई, तोंडातनं निसटलं.”

मी तिला पाटी दिली. आठवड्यातून एखाद दिवस, मुली सुटल्यावर, ती माझ्याजवळ बसून अक्षरं गिरवू लागली. कोयत्याला धरावं तशी पेन्सिल धरायची. पेन्सिलींचे तुकडे फार व्हायचे. सुगीच्या आधी एक दिवस मी तिला म्हटलं, आता एक नाव लिही, कुणाचंही. तिनं बराच वेळ विचार केला आणि ओठ चावत सावकाश लिहिलं. मी वाचलं. ते तिचं नाव नव्हतं, पोरांचंही नव्हतं.

“हे कुणाचं गं नाव?”

“म्हशीचं,” ती म्हणाली.

“म्हशीचं का? तुझं लिहायचंस की.”

“मालकाचं नाव मी घेत न्हाई. माझं नाव कोण घेत न्हाई. पोरं ‘आये’ म्हणत्यात, सासू ‘ए’ म्हणती. म्हशीला मी दिवसातनं धा येळा हाक मारतो, तवा तेच लिवाय आलं.”

मग तिनं पाटी जरा लांब धरून बघितली, पदरानं कडा पुसल्या, आणि म्हशीला दाखवायला ती पाटी घरी नेऊ का, असं मला विचारलं.